मापाची वही

पेडणे-डिचोली भागात चतुर्थी जवळ आली, की घरोघरी गवंडीकाम निघते. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही ते निघाले. आमच्या माजघराची जमीन आजीच्या काळी शेणाने सारवली जाई. पुढे वडिलांनी तेथे कोबा केला. आता मुलांच्या आग्रहास्तव टाइल्स आल्या.

काम डिचोलीकडच्या एका मेस्तांना दिले. दर चौरस मीटरवर ठरला, तोही तोंडी. आपल्याच मुलखातला माणूस, त्याच्याशी कागद कसला करायचा? मेस्तांचा हात मात्र निष्णात. जुन्या चिऱ्याच्या भिंती काटकोनात क्वचितच असतात. एका कडेपासून टाइल्स लावीत गेल्यास ती तफावत समोरच्या भिंतीशी पाचरीसारखी उघडी पडते. म्हणून त्यांनी सूत ताणून, गुण्या लावून खोलीच्या मध्यापासून आरंभ केला. न्हाणीघरात मोरीकडे मीटरमागे दीड सेंटिमीटर उतार दिला आणि बादलीभर पाणी ओतून तो आम्हांस दाखविला.

हिशेबाच्या दिवशी त्यांचे माप आमच्या मापाहून अकरा चौरस मीटर अधिक निघाले. आमचे गणित सरळ होते : लांबी गुणिले रुंदी. मेस्त म्हणाले, "सर, कडांचे काम तुम्ही धरलेच नाही." आम्ही मुख्याध्यापकी थाटात त्यांना क्षेत्रफळाचे सूत्र समजावून दिले. ते क्षणभर उभे राहिले, दिले तेवढे पैसे खिशात घातले आणि निघून गेले.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या स्वच्छतागृहांत टाइल्स बसविण्याचे सरकारी काम झाले. कनिष्ठ अभियंत्यांनी मोजमापाची वही आमच्या टेबलावर उघडली. प्रत्येक ओळीत संख्या, लांबी, रुंदी अथवा उंची, आणि शेवटी परिमाण. खिडकीची वजाबाकी एका ओळीत. त्याच खिडकीच्या आतल्या बाजू, जेथे टाइलचे अरुंद पट्टे कापून बसवावे लागतात, त्यांची बेरीज दुसऱ्या ओळीत. भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगची पट्टीदेखील स्वतंत्र नोंदलेली. चुकलेला आकडा कोठेही खरवडलेला नव्हता. त्यावर रेघ आणि शेजारी सही. ती वही वाचताना आमचे कान तापले, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

घरी येऊन टेप काढला. माजघराचेच माप सांगतो. जमीन ४.२ मीटर गुणिले ३.६ मीटर, म्हणजे १५.१२ चौरस मीटर. दार सोडून भिंतींची लांबी १४.६ मीटर; दहा सेंटिमीटर उंचीचे स्कर्टिंग धरता १.४६ चौरस मीटर. हे १.४६ आमच्या हिशेबात नव्हतेच. अशा चार खोल्या, शिवाय पायऱ्यांच्या उभ्या बाजू, खिडक्या, ओट्यामागची भिंत. बेरीज अकराहून किंचित अधिकच भरली.

तेव्हापासून घरात एक वही आहे. साठ सेंटिमीटरच्या चार टाइल्सच्या खोक्यात १.४४ चौरस मीटर माल येतो, माजघराचे १६.५८, त्यावर कापाकापीसाठी एक दशांश धरल्यास तेरा खोकी लागतात, हे तीत आहे. खोक्यांवरचे बॅच व छटेचे क्रमांक आहेत, कारण एकाच नावाच्या दोन खेपांचा रंग जुळेलच असे नाही. न्हाणीघरातील नळ कोठून गेले आहेत ते मात्र नाही. टाइल्स बसण्यापूर्वी छायाचित्र काढायचे राहिले. आता भिंतीत खिळा मारायचा म्हटले तरी धास्ती वाटते. पणजीत मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालच्या निळ्या टाइल्सवर 'लुझियाद' महाकाव्यातील प्रसंग चितारले आहेत. त्या पाहताना हल्ली आमच्या मनात काव्य येत नाही. कोणती टाइल कोठे, याची यादी कोणी ठेवली असेल, एवढेच येते.

पैसे आणि मापाचा कागद घेऊन आम्ही डिचोलीस गेलो. मेस्त एका नव्या घरात गुडघ्यांवर बसून करणीच्या मुठीने एकेक टाइल ठोकीत, कोठे पोकळ वाजते ते ऐकत होते. आम्ही चूक कबूल केली. त्यांनी हात पुसले, पाकीट बाजूला ठेवले आणि आधी कागद वाचला.

"सर, पायऱ्या सहा लिहिल्यात," ते म्हणाले, "पाचच आहेत." आणि पाकीट उघडून त्यांनी एका पायरीचे पैसे आम्हांस परत दिले.