हात लावू नये

गेल्या भाद्रपदात तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. समारंभ आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी हौसेने संगणक कक्ष दाखवला. दारावर ऑइलपेंटने रंगवलेली पाटी : चपला बाहेर काढाव्यात. सरांच्या परवानगीशिवाय यंत्रास हात लावू नये. पेन ड्राइव्ह आणू नये. गेम खेळू नये. काहीही कॉपी करू नये. नियम पाच, आणि त्यांत काय करावं हे फक्त एकदाच सांगितलेलं, तेही चपलांबद्दल.

आत बारा संगणक. प्रत्येकावर गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा शिवलेला अभ्रा. एका मॉनिटरच्या माथ्यावर गेल्या खंडेनवमीचं झेंडूचं फूल वाळून चिकटलेलं. सरांनी अभ्रा काढून यंत्र सुरू केलं, तर पडदा काळा आणि उजव्या कोपऱ्यात खाली, प्रत विनापरवाना असली की उमटतात ती पुसट अक्षरं : ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. मी त्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर सर म्हणाले, “ते तसंच येतं. आपण तिकडे बघायचं नाही.” दारावर ‘कॉपी करू नये’ आणि आत बाराही यंत्रांवर एकच कॉपी!

यात कुणाच्या मनात चोरी होती असं मला वाटत नाही. संगणक आमदार निधीतून आले, नारळ फुटला, फोटो निघाला. पण मंजुरी यंत्रांना होती. त्यांत काय घालायचं याला रकाना नव्हता. मग बसवायला आलेल्या मुलाने त्याच्याजवळ होतं ते सगळ्यांत भरलं आणि तो निघून गेला. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, १९८४ च्या दुरुस्तीनंतर संगणकाची आज्ञावली ‘वाङ्मयीन कृती’ ठरते. म्हणजे ती आमच्या कथा-कवितांची कायदेशीर बहीणच झाली! फरक एवढाच की कादंबरीची चोरटी प्रत नुसती वाचली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. आज्ञावलीची प्रत चोरटी आहे हे माहीत असून वापरली, तर कलम ६३ ख लागतं : सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, म्हणजे सर तेवढे वाचतील. शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढायची मुभा शिक्षकाला कायद्याने दिलेली आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती उदारपणे वाचली. पण ती मुभा बारा यंत्रांपर्यंत ताणता येईल असं मला वाटत नाही.

कायदा बाजूला ठेवू. मला अस्वस्थ केलं ते त्या दिवशीच्या एका मुलीने. आठवीतली. तिने पेंटमध्ये गोल गोल ठिपके मांडून रांगोळी काढली होती, चांगली अकरा ते सहा. ती म्हणाली, “सर, आईला दाखवायला घरी नेऊ?” सर अडचणीत आले. पेन ड्राइव्हला बंदी, कॉपीला बंदी. शेवटी त्यांनी खिशातून मोबाइल काढला, पडद्याचा फोटो घेतला आणि तिच्या वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. माणूस भला होता. नियमच असा होता की भलेपणाला मागच्या दाराने जावं लागलं.

शिक्षकाचा धंदाच मुळी वाटण्याचा. वही द्यायची, उतारा द्यायचा, पेन्सिलही द्यायची. त्याच्या हातात अशी वस्तू द्यायची की वाटली की गुन्हा, आणि मग त्याने मुलांना प्रामाणिकपणा शिकवावा ही अपेक्षा! यावर तोड फार पूर्वी निघाली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना आला. हा परवाना सांगतो की वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. फुकट असणं हा त्यातला दुय्यम भाग.

केरळने हे मनावर घेतलं. २००१ मध्ये तिथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा शाळांतल्या संगणक-शिक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतीय शाखा तिरुवनंतपुरमला उघडली, आणि पुढच्या काही वर्षांत दहावीची संगणकाची परीक्षा अशाच मुक्त परवान्याच्या लिनक्सवर होऊ लागली. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवलं. २०१९ मध्ये दोन लाखांवर संगणकांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती काढताना तिथल्या यंत्रणेने तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा हिशेब मांडला. तो हिशेब परवान्यांच्या छापील किमतींवरचा असणार. मी त्यावर फार विसंबणार नाही. मला मोल वाटतं ते याचं की तिथला मुलगा शाळेत शिकतो तेच सॉफ्टवेअर राजरोस घरी नेतो.

आपल्याकडेही एक खिडकी उघडली होती. रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावर २००७ मध्ये चिमुकल्या शाळेतल्या मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्या यंत्राच्या कळफलकावर एक खास कळ होती : समोर चाललेल्या कार्यक्रमाची आतली संहिता उघडून दाखवणारी. दाबा आणि बघा. ‘हात लावू नये’च्या बरोबर उलट. शालेय शिक्षणासाठीच्या २०१२ च्या राष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान धोरणानेही मुक्त सॉफ्टवेअरला झुकतं माप दिलं. ते कागदावर आहे, आणि पाटी दारावर आहे.

आता मात्र शाळांना ठरवावंच लागेल. नेमकं दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जी जुन्या यंत्रांत बहुधा नसते. म्हणजे चालू स्थितीतले संगणक अडगळीत, नाहीतर पुन्हा कुणीतरी क्लृप्ती घेऊन येणार. त्यापेक्षा त्यावर लिनक्स चढवावं आणि पाटी नव्याने रंगवावी. चपलांचा नियम राहू द्या, धूळ खरीच असते.

दुसऱ्यांना सांगतोय खरा, पण आमचंही घर काचेचं आहे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा अक्षरं शिशाची होती, खिळे ज्याचे त्याच्या मालकीचे. आम्ही काढतो त्या दिवाळी अंकाची अक्षरं कित्येक वर्षं उसनी होती, आणि ती कुठून आली हे आम्ही विचारत नव्हतो. नंतर रीतसर फॉन्ट घेतले, तर त्यासोबत संगणकाच्या पाठीला लावायचं कुलूप आलं. ते एका ऐन आश्विनात बिघडलं, आणि चार दिवस अंक तयार असून उघडेना. त्या काळातल्या आमच्या फाइल आज उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण ते फॉन्ट युनिकोड नव्हते. या वर्षीचा अंक ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्त’ या फॉन्टमध्ये जुळवला आहे. त्याचा परवाना खुला आहे. आमच्या डीटीपीवाल्या काकांनी दोन दिवस कुरकुर केली, मग जोडाक्षरं बघून गप्प झाले.

श्रेयपानावर ‘सर्व हक्क राखीव’ हे नेहमीचं वाक्य या वेळीही आहे. लेखकांचे हक्क त्यांचे आहेत, ते मला वाटून टाकता येत नाहीत. मात्र बालविभागातल्या सहाही लेखकांना फोन करून विचारलं, आणि सगळे हो म्हणाले. तेव्हा त्या पानांच्या तळाशी छापलं आहे : शाळेसाठी झेरॉक्स काढायला परवानगी. मधे दोन पानं जाहिरातींची आहेत. ती वगळा. किंवा राहू द्या, जाहिरातदारांना वाईट वाटणार नाही.