साधेपणाचे खरेदीखत

सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली एका नव्या पुरुषार्थाचे वर्णन वारंवार कानी पडते. मुंबई, पुणे, दिल्ली वा बंगळूर येथील भरपगारी नोकरी सोडावी, गोव्यातील एखाद्या गावी जुने घर विकत घ्यावे अथवा वाडवडिलांचे पडके घर दुरुस्त करावे, मोजक्या वस्तूंत संसार आटोपावा आणि उरलेले आयुष्य निसर्गाच्या सान्निध्यात साधेपणाने घालवावे, असा तो पुरुषार्थ आहे. २०२० सालच्या महामारीनंतर घरी बसून दूरच्या कचेरीचे काम करण्याची सोय झाली, तेव्हापासून या ओघाला विशेष जोर चढला. असे करणाऱ्यास कोणी धाडसी म्हणतात, कोणी विरक्त म्हणतात, आणि कोणी तर या वर्तनाला आधुनिक वानप्रस्थ असे भारदस्त नाव देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाचा या स्तुतीला विरोध आहे. नोकरी सोडण्याला नाही, गावी येऊन राहण्याला तर मुळीच नाही; विरोध आहे तो या व्यवहाराला साधेपणा म्हणण्याला.

प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शहरातील नोकरीचे दुःख खोटे नाही. दिवसाचे तीन तास आगगाडीत उभ्याने काढणाऱ्या, कर्जाच्या हप्त्यापायी मन न लागणारे काम करणाऱ्या आणि मुलांचे बालपण केवळ रविवारी पाहणाऱ्या माणसाला 'हे सर्व कशासाठी?' असा प्रश्न पडला, तर तो विचारी आहे असेच म्हणावे लागेल. गरजा कमी कराव्यात, हव्यास आवरावा, हे तर आपल्या संतांनी घरोघरी पोचविले आहे. तेव्हा वाद प्रश्नाविषयी नाही. वाद उत्तराविषयी आहे.

वकिलीच्या व्यवसायात खरेदीखते पुष्कळ वाचावी लागतात. त्यांत मालमत्तेच्या चतुःसीमा बारकाईने लिहिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस सार्वजनिक वाट, दक्षिणेस देवस्थानची जमीन. परंतु त्या ओहोळातला गाळ कोणी उपसावयाचा, कुळागराच्या पाटाचे पाणी कोणाच्या पाळीने घ्यावयाचे, देवाची पालखी ज्या वाटेने येते ती कोणी झाडावयाची, यांविषयी एक अक्षरही त्या कागदात नसते. गाव उभा असतो तो या न लिहिलेल्या कलमांवर. नव्याने येणारा बहुधा सीमा विकत घेतो आणि कलमे तेवढी वगळतो. पहिल्या वर्षी कुंपण होते, दुसऱ्या वर्षी कूपनलिका खणली जाते आणि तिसऱ्या वर्षी जत्रेच्या वाजंत्र्यांविषयी तक्रारअर्ज येतो. शहरातील सदनिका भाड्याने दिलेली असते. त्या भाड्यावर येथील निरिच्छता चालते. अशा गृहस्थाच्या घरात वस्तू चारच असतील, पण त्याने आपले आयुष्य साधे केले असे म्हणता येणार नाही. त्याने राहण्याचे ठिकाण बदलले आणि गावाचे ऋण तेवढे नाकारले.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. आपल्या खाजन शेतीचेच उदाहरण घ्यावे. मांडवी, जुवारी व अन्य नद्यांच्या काठी गोव्यात साधारण सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीचे पाणी जिच्या पातळीहून वर चढते अशी ही सखल भूमी पूर्वजांनी मातीचे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. बांधात मानस बसविलेले असते. ओहोटीला त्याची दारे आतल्या पाण्याने उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने मिटतात. आत कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. यंत्र साधे आहे, परंतु त्यामागील व्यवस्था साधी नाही. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले, की खारे पाणी कोणाचा एक-चौदाचा उतारा पाहून आत शिरत नाही. ते सर्वांच्या शेतांत शिरते, आणि एकदा खारावलेली जमीन पावसाने धुऊन निघावयास वर्षे जातात. म्हणूनच बांधांची जबाबदारी पूर्वी गांवकरीकडे असे आणि कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. खाजनात एकट्याचे शेत असूच शकत नाही. तेथे जो केवळ एकांत शोधीत येतो, तो शेत पड टाकतो, बांधाच्या डागडुजीच्या वेळी फिरकत नाही, आणि पाण्यावरच्या मावळतीची तारीफ करतो. त्याच्या निवांतपणाची किंमत शेजारचा कष्टकरी भरतो.

या वर्तनाला वानप्रस्थ म्हणणे ही तर शब्दांची विटंबना आहे. स्मृतिकारांनी वानप्रस्थ सांगितला तो गृहस्थाश्रमाचे कर्तव्य पार पाडल्यावर, नातवाचे तोंड पाहिल्यावर. आणि अरण्यातही पंचमहायज्ञ सुटत नाहीत, दारी आलेल्या अतिथीचा सत्कार सुटत नाही. ऋणातून निसटण्याची ती चोरवाट नव्हती. पाश्चात्त्यांचा दाखला ज्यांना अधिक वजनदार वाटतो ते थोरोचे नाव घेतात. थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे वॉल्डन तळ्याकाठी राहिला खरा. परंतु त्याने आपली झोपडी अवघ्या अठ्ठावीस डॉलरांच्या खर्चात स्वहस्ते उभारली, शेंगांचे पीक स्वतः खुरपले, आणि प्रयोग संपल्यावर तो आपल्या गावात परतला. ती जमीनही त्याची नव्हती, मित्र इमर्सनची होती. त्याच्या नावाने भूखंडांचा सौदा करणाऱ्यांनी एवढा तपशील ध्यानात ठेवावा.

याहून जवळची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. बॅरिस्टर गांधींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म वसविले. त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी ती जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी वापरावयास दिली होती. घरचा कर्ता पुरुष तुरुंगात गेला असता त्याच्या बायकामुलांनी कोठे राहावे, या प्रश्नातून ती वसाहत जन्मली. आणि चपला शिवण्यापासून सफाईपर्यंतची सर्व कामे तेथील रहिवाशांनीच करावी असा नियम होता. पुढे वरोऱ्याचे वकील बाबा आमटे यांनी चांगली चाललेली वकिली सोडली आणि गावाबाहेरच्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांसह आनंदवन उभे केले. हे दोघेही आमच्याच धंद्यातले. दोघांनीही उत्पन्न सोडले, सुख सोडले. परंतु जबाबदारी सोडली नाही, उलट पूर्वी नव्हती ती खांद्यावर घेतली. त्यांच्या त्यागाची भाषा उसनी घेऊन आपल्या विश्रांतीचे वर्णन करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता दुसरी बाजू. शहरी माणसाला दोष देता देता आपल्यापैकी काही जण जुन्या गावाचे गोडवे गाऊ लागतात. तेही सत्याला धरून नाही. भाटकाराच्या सोप्यावर दुपारी जी शांतता नांदत असे, ती मुंडकाराच्या घामावर नांदत असे. मुंडकाराने भाट राखावयाचे, हाकेला धावावयाचे, आणि धन्याची मर्जी फिरली की उभ्या पावसात खोप सोडावयाची. ते जीवन एकाला साधे होते, कारण त्यातला सर्व गुंता दुसऱ्याच्या झोपडीत ठेवलेला होता. म्हणून तर १९७५ साली मुंडकार कायदा करावा लागला, आणि १९७६ सालच्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. या कायद्यांवर कुरकुरणारे आपल्या समाजात आजही आढळतात. त्यांना एवढेच सांगावयाचे, की कायद्याने तुमचा साधेपणा हिरावला नाही. त्याचा खरा खर्च कोण सोसत होता हे उघड केले.

यावरून साधेपणाची कसोटी निश्चित होते. माझ्या घरात वस्तू किती आहेत, हा प्रश्न गौण आहे. माझ्या जगण्याचे ओझे कोणाच्या पाठीवर आहे, हा मुख्य प्रश्न आहे. शहरात नोकरी करून गावच्या बांधाला वेळच्या वेळी वर्गणी पाठविणारा कारकून या कसोटीला उतरेल. नोकरी सोडून गावी आलेला आणि गावाला अंगण समजणारा श्रीमंत उतरणार नाही, मग तो बाहेरचा असो वा दहा पिढ्यांचा गांवकर असो.

आणि या ओघाचा परिणाम काय होतो आहे ते पाहावे. ज्याच्या आजोबाला कायद्याने घराखालची जमीन मिळाली, त्या मुंडकाराच्या नातवाला लग्नानंतर स्वतंत्र घरासाठी त्याच गावात भूखंड घेणे परवडत नाही. गावात राहावे म्हणून एकाने नोकरी सोडावी, आणि त्याने वाढविलेल्या भावामुळे दुसऱ्याने नोकरीच्या शोधात गाव सोडावा, असा हा अदलाबदलीचा व्यवहार आहे. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य ज्याला नोकरी होती त्यालाच असते. राज्यकर्त्यांनीही दोन्ही दगडांवर पाय ठेवले. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांच्या हाती जाऊ नये म्हणून कायदा झाला, आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे उपकलम आले. त्याखाली चुकीची दुरुस्ती म्हणून एकेका अर्जावर जमिनींचे विभाग बदलू लागले. त्यासाठीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ साली रद्द केले हे खरे. पण न्यायालय बांध घालीत नाही आणि नांगरही धरीत नाही. जी जमीन आपणच पड टाकली तिच्यावर दुसऱ्याची नजर पडली, तर सारा दोष नजरेचा नसतो.

येथे, वाचकहो, विषय आपल्या दाराशी येतो. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी गावे सोडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. ते जाणे जुलुमाखालचे होते. तरीही जाताना त्यांनी देव नेले, आणि देवांबरोबर पूजा, उत्सव व सेवा यांची बांधिलकी नेली. आज आपल्यावर कोणाचा जुलूम नाही. तरीही किती महाजन जत्रेच्या रात्रीपुरते येतात, रथाला हात लावतात, प्रसाद घेतात आणि सकाळी गाडीत बसतात? १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांना अधिकार दिले; निवडणुकीच्या दिवशी त्या अधिकारांची आठवण सर्वांना असते. देवस्थानच्या शेताची आठवण कितीजणांना असते? वर्षाकाठी एक दिवस गावाला भोगणारा महाजन आणि वर्षभर भोगणारा नवा रहिवासी, यांच्यात फरक दिवसांच्या संख्येचा आहे, वृत्तीचा नाही.

आक्षेप येईल, की शेत कसावयास दिले तर कसणारा उद्या कूळ म्हणून दावा सांगेल, म्हणून आम्ही ते पड ठेवतो. ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणणार नाही. परंतु तिला उपाय पड ठेवणे हा नव्हे. मालकाचा हक्क अबाधित राखणारा व कसणाऱ्याला पुरेशा मुदतीची हमी देणारा लेखी, नोंदणीकृत करार कायद्याने मान्य करावा, यासाठी शेतमालक आणि शेतकरी या दोघांनी मिळून शासनाकडे आग्रह धरला पाहिजे. तोवर गावाने एकत्र येऊन सामुदायिक शेती करण्याचा मार्ग कोणी अडविलेला नाही. देवस्थानांनी आपल्या जमिनींपासून आरंभ करावा. आपल्या समाजात देवस्थानाने घातलेल्या पायंड्याला अजून मान आहे.

नोकरी सोडून जे गावी येऊ इच्छितात त्यांनी अवश्य यावे. गावांना माणसे हवी आहेत, शिकलेली तर अधिकच हवी आहेत. मात्र घर घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : या गावचा बांध कोठे आहे, त्याच्या डागडुजीचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी मी कोणाबरोबर उभा राहावयाचे. पंचायतीत ग्रामसभा भरते तेथे त्यांनी जमिनीचा भाव वाढावा म्हणून नव्हे, शेतीची जमीन शेतीखाली राहावी म्हणून हात वर करावा. कोकणी येत नसेल तर शिकावी. एवढे जो करील तो दोन पावसाळ्यांत गावचा होईल. त्याची जात, प्रांत कोणी विचारणार नाही, आणि विचारले तर विचारणाराच चुकला असे समजावे.

भाद्रपदात नव्याची पंचम येते. नवीन भाताची कणसे देवापुढे ठेवल्यावाचून आपल्याकडे नवे अन्न ग्रहण करीत नाहीत. कित्येक गावांत ही कणसे आता शेजारच्या गावाहून मागवावी लागतात, कारण स्वतःच्या गावात पिकलेले शेत उरलेले नाही. पुढच्या पंचमीपूर्वी प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या सभेत एवढाच विषय घ्यावा : यंदा देवापुढे ठेवावयाची कणसे आपल्या गावच्या कोणत्या शेतात पिकणार, आणि ते शेत कोण पेरणार.