खोक्यातला कागद कोण वाचणार?

केस रंगवायच्या डायच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. खोके उघडले की ट्यूब निघते, डेव्हलपरची बाटली निघते, पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे निघतात आणि कागद खोक्यासकट कचऱ्यात जातो. पार्लरमध्ये तर गिऱ्हाइकाला खोकेही दिसत नाही. आतल्या खोलीत वाटीत कालवलेला रंग ब्रशसह बाहेर येतो, एवढेच.

त्या कागदावरचा मजकूर कंपनीने हौसेने लिहिलेला नसतो. पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असलेल्या डायवर कोणता इशारा छापायचा आणि आतल्या पत्रकात काय सांगायचे, हे सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनीच ठरवून दिले आहे. सारांश असा: कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी त्वचा स्वच्छ करा, तयार केलेला रंग तिथे लावा, वाळू द्या, २४ तासांनी धुऊन पाहा. त्वचेची आग झाली नाही, सूज आली नाही, तरच डोक्याला लावा. आणि ही चाचणी पहिल्या वेळीच नव्हे, दर वेळी करा. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीही लावू नका. दृष्टी जाऊ शकते.

रंग लावायच्या आदल्या दिवशी कानामागे ठिपका लावून घ्यायला तुम्हाला पार्लरमधून कधी बोलावणे आले आहे का? बहुतेकांचे उत्तर मला ठाऊक आहे. उलट ‘भुवयांनाही जरा हात फिरव’ अशी फर्माईश होते आणि ती पुरीही केली जाते. गावोगावच्या सलूनमध्ये मिशांना आणि दाढीला रंग लागतो तोही असाच, खुर्चीत बसल्या बसल्या.

हा कागद ज्या एका व्यक्तीने वाचलाच पाहिजे, ती म्हणजे वाटीत रंग कालवणारी मुलगी किंवा मुलगा. बहुतेक वेळा हे काम शिकाऊ हातांकडे असते. आणि नेमके त्यांनाच ते कोणी वाचून दाखवत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण अनेक मुले-मुली हे काम शिकतात ती दोन-तीन महिन्यांच्या खासगी क्लासमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी हाताखाली. तिथे हेअरकट, हायलाइट्स, नवरीचा मेकअप हे सगळे असते. त्वचा म्हणजे काय आणि गिऱ्हाइकाच्या हक्कांचा कायदा काय म्हणतो, हे दोन विषय ‘थिअरी’ म्हणून शेवटी ढकलले जातात. माझे म्हणणे असे, की कात्री हातात देण्याआधी हेच शिकवले पाहिजे.

मुळात रंग केसावर बसतो कसा? केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. डायमधला अमोनिया किंवा तत्सम अल्क हे खवले उघडतो. पीपीडीचा रेणू छोटा आणि जवळजवळ रंगहीन असतो, त्यामुळे तो सहज आत शिरतो. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने आत त्याचे ऑक्सिडीकरण होते, रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि गडद होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग शाम्पूने जात नाही. युक्ती नामी आहे. पण केस निर्जीव असतो आणि डोक्याची त्वचा जिवंत. जो छोटा रेणू केसात शिरतो, तोच त्वचेतही शिरतो.

तिथे त्याची गाठ आपल्या प्रतिकारशक्तीशी पडते. काहींच्या शरीरात या रेणूची ‘शत्रू’ म्हणून नोंद होते. ही नोंद गुपचूप होते. तेव्हा ना खाज सुटते ना पुरळ उठते. पुढच्या एखाद्या वेळी रंग लागला, की टी-पेशी जाग्या होतात आणि एक-दोन दिवसांनी कपाळ, कानांच्या पाळ्या, पापण्या सुजतात, पाणी सुटते, कधी डोळेच उघडत नाहीत. ही ॲलर्जी मधमाशी चावल्यासारखी लगेच दिसत नाही, उशिरा येते. त्यामुळे पार्लरमधून बाहेर पडताना सगळे छान असते आणि दोष जातो मधल्या दिवशी खाल्लेल्या कोळंबीला. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली पीपीडीला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवले, ते उगाच नव्हे.

एवढे समजले, की काउंटरवरच्या एका ठरलेल्या वाक्याची हवा निघून जाते. ‘अगं, मी दहा वर्षं हाच लावतेय, मला कसली टेस्ट?’ दहा वर्षे काही झाले नाही, हा सुरक्षिततेचा दाखला नाही. दर वेळच्या संपर्काने नोंद होण्याची संधी मिळत गेली, एवढाच त्याचा अर्थ. ‘दर वेळी’ हा शब्द नियमात आला आहे तो यासाठी. शिकाऊ मुलीला हे कळले असेल तर ती म्हणू शकते, ‘मॅडम, म्हणूनच करायची.’ कळले नसेल तर वयाने आणि ऐपतीने मोठ्या असलेल्या बाईंपुढे ती गप्पच बसणार.

अमोनिया नसलेला रंग सुरक्षित, हा असाच एक समज. अमोनिया गेला की त्याच्या जागी दुसरा अल्क येतो. पीपीडी तिथेच असू शकते. ‘हर्बल’ या शब्दाचेही तेच. मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग नारिंगी-लालसर असतो. मेंदी केसांना काळेभोर करत असेल, तर त्यात दुसरे काहीतरी आहे. लग्नसराईत हातांवर काढली जाणारी झटपट ‘काळी मेंदी’ हे तर पीपीडी थेट त्वचेवर लावण्याचे निमित्त. लहानपणी अशा मेंदीने फोड आलेल्या मुलीला पुढे पहिल्यांदाच केस रंगवताना जोराचा त्रास होऊ शकतो. म्हणून ‘कधी काळ्या मेंदीचा त्रास झाला होता का?’ हा प्रश्न रंग लावण्याआधी विचारायलाच हवा. त्याला अर्धे मिनिट लागते.

आता कायद्याकडे वळू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हटले की फसवी जाहिरात किंवा बिघडलेला फ्रिज आठवतो. पण पैसे घेऊन केस रंगवणे हीसुद्धा सेवा आहे. सेवेतील ‘त्रुटी’ची या कायद्यातली व्याख्या पार्लरच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे. निष्काळजीपणामुळे झालेली इजा त्यात येतेच. त्याशिवाय ग्राहकाला सांगायला हवी अशी माहिती जाणूनबुजून दडवणे, हीदेखील त्रुटी. पुढे उत्पादनाच्या जबाबदारीच्या प्रकरणात सेवा देणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपाय टाळण्यासाठी पुरेशी सूचना किंवा इशारा दिला नाही, तर तो उत्तरदायी ठरू शकतो.

आणि कंपनी? इथे कायद्याचे कलम ८७ वाचण्यासारखे आहे. व्यवसायाच्या जागी वापरण्यासाठी मालकाने वस्तू घेतली आणि उत्पादकाने त्या मालकाला इशारा व सूचना दिल्या होत्या, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. म्हणजे कचऱ्यात गेलेला तो घडीचा कागद कंपनीची ढाल असतो. डोळे सुजलेले गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, की कंपनी कागदाकडे बोट दाखवणार आणि प्रश्न पार्लरवर येऊन थांबणार: कागदात सांगितलेली चाचणी तुम्ही केली होती का? ‘त्रास झाल्यास मालक जबाबदार नाही’ अशी पाटी लावली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही.

दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमधले प्रकरण अनेकांना आठवत असेल. २०१८ साली सांगितल्यापेक्षा फारच आखूड केस कापल्याची एका महिलेने तक्रार केली. २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाने दोन कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द करून प्रकरण परत पाठवले. भरपाईला पुरावा हवा, असे बजावले. वर्तमानपत्रांत गाजले ते दोन कोटी. शिकणाऱ्यांनी मात्र ‘पुरावा’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो दोन्ही बाजूंनी लागू आहे. गिऱ्हाइकाकडे बिल, फोटो आणि डॉक्टरांचा कागद हवा. पार्लरकडे वही हवी: तारीख, कोणता रंग, चाचणी कधी केली, दुसऱ्या दिवशी काय दिसले, आणि गिऱ्हाइकाने चाचणीला नकार दिला तर तशी नोंद व सही. नकार दिल्यावर तरीही रंग लावायचा का? माझ्या मते नाही.

या सगळ्यात गिऱ्हाइकाची बाजू घेताना शिकाऊ मुलगी विसरली जाते. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा रंग लावते. ती रोज लावते. त्याआधी दिवसभर शाम्पू करून तिच्या हातांच्या त्वचेवरचा तेलकट थर धुऊन गेलेला असतो, बोटांच्या बेचक्यांत भेगा असतात. अशा हातांतून रसायन आत शिरायला वाट मोकळीच. खोक्यातले हातमोजे एकदा वापरायचे असतात. ते उलटे करून, वाळवून पुन्हा चढवले, तर रंग लागलेली बाजू थेट त्वचेवर येते. हाताला इसब झाले आणि कारण पीपीडी निघाले, तर ब्रँड बदलून भागत नाही. डायमधल्या जवळच्या नात्यातल्या रसायनांनाही शरीर तसेच ओळखते. एवढी फी भरून शिकलेला व्यवसायच बदलावा लागतो. विशीतल्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही.

मालकांची अडचण मला दिसते. ‘उद्या या’ म्हटले की गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जाते. पण रंग लावणारी बाई थ्रेडिंगलाही येतेच ना? त्या वेळी कानामागे ठिपका लावता येतो, दोन दिवसांनी फोनवर विचारता येते. दोन दिवस म्हणतो आहे, कारण नियमातले २४ तास मला अपुरे वाटतात. ही ॲलर्जी अनेकदा ४८ तासांनंतर दिसते. चाचणी शंभर टक्के हमी देत नाही, हेही खरे. पण ती न करण्यासाठी ते कारण पुरत नाही.

केस सरळ करण्याच्या उपचारांबद्दल थोडक्यात. त्या क्रीममधले ग्लायऑक्झिलिक आम्ल डोक्याच्या त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचवू शकते. २६ वर्षांच्या एका तरुणीला तीन वेगवेगळ्या वेळी असा उपचार घेतल्यावर तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये केली. त्या तरुणीला उपचाराच्या वेळी डोक्याला जळजळ होत होती. ‘थोडं चुरचुरणारच’ असे समजावण्याऐवजी क्रीम तिथल्या तिथे धुऊन टाकायचे, हे शिकवायला हवे.

क्लास चालवणाऱ्यांना एक सूचना. प्रमाणपत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पहिला प्रश्न चाचणीचा ठेवा: खोक्यातला कागद वाचून दाखवा, मॉडेलला चार प्रश्न विचारा, ठिपका लावा, वहीत नोंद करा. हेअरकट त्यानंतर. आणि गिऱ्हाइकांना दोन कामाच्या गोष्टी. रंग कालवण्याआधी खोके बघायला मागा आणि बिल घ्या. बिल न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्रास झालाच, तर रंग भरपूर पाण्याने धुवा, पापण्या सुजल्या किंवा श्वासाला अडचण वाटली तर लगेच डॉक्टर गाठा, ट्यूबचा फोटो जवळ ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत, स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.