झिप फाइल आधी नुसती पाहा

सोसायटीच्या ऑफिसात किंवा घरी अजून विंडोज ७ चा कॉम्प्युटर चालवत असाल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. चालतंय ते मोडीत कशाला काढायचं? फक्त १४ जानेवारी २०२० नंतर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी त्याची डागडुजी थांबवली आहे. म्हणून मेलमधून झिप आली, की घाई करू नका.

झिप म्हणजे गाठोडं. तिच्यावर डबल क्लिक केलं की विंडोज आतल्या फाइलींची यादी दाखवतं, तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते यादीतल्या फाइलीवर पुन्हा डबल क्लिक केल्यावर. कारण नाव 'बिल.पीडीएफ' दिसत असलं, तरी खरं नाव 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असू शकतं. शेवटची अक्षरं विंडोज आपणहून लपवतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरसने प्रेमपत्राच्या नावाखाली जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याला हीच लपवाछपवी कामी आली होती. तेव्हा आजच कंट्रोल पॅनेलमध्ये फोल्डर ऑप्शन्स उघडा आणि 'व्ह्यू'खालच्या 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स'वरची टिक काढा. मग शेवटी ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस किंवा जेएस दिसलं, तर ते बिल नव्हे. सरळ डिलीट करा. एक्सेल फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल, तर तेही दाबू नका.

झिपला पासवर्ड आणि तो त्याच मेलात लिहिलेला, हे मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. कुलूपबंद गाठोड्यात मेल कंपनीच्या व्हायरस तपासणीला डोकावता येत नाही, म्हणून ही युक्ती. बँकेच्या स्टेटमेंटलाही पासवर्ड असतो, पण तिथे बहुधा 'नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख' असा नियम सांगितलेला असतो. मेल ओळखीच्या माणसाचा असला, तरी त्याला फोन करून विचारा. नंबर मात्र तुमच्या डायरीतला, मेलातला नव्हे.

झिप उघडायला विनरार वापरत असाल (चाळीस दिवसांची मुदत संपूनही वर्षानुवर्षं चालणारं!), तर त्याची आवृत्ती बघा. ते स्वतःहून अपडेट होत नाही. २०१९ मध्ये त्यात १९ वर्षं पडून असलेलं भोक सापडलं. त्यातून फाइल नुसती सोडवली, तरी दुष्ट प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरू शकत होता. २०२३ मध्ये आणखी एक सापडलं. आवृत्ती सगळ्यात नवी नसेल, तर ती काढून टाका आणि नवी फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या.

आणि चुकून क्लिक झालंच, तर आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. घरच्यांना काय सांगायचं, ते नंतर बघू.