प्रतिज्ञापत्रात नसलेला रकाना

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, की दर वेळी काही नवे चेहरे चर्चेत येतात. कोणी आंदोलनातून आलेला असतो, कोणी सरकारी नोकरी सोडून, तर कोणी गावातले छोटे दुकान बंद करून. घराणेशाहीला विटलेल्या वाचकाला त्यांच्या कहाण्या सुखावतात आणि वृत्तपत्रेही त्या हौसेने छापतात. उमेदवार कोठून आला, हे त्यामुळे आपल्याला बारकाईने कळते. तो सभागृहात कशासाठी जाणार आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

याला आपली निवडणूक व्यवस्थाही काही अंशी जबाबदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 मधील निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण ‘नमुना 26’ या प्रतिज्ञापत्रात जाहीर करावे लागते. मतदाराच्या माहितीच्या हक्काचा हा मोठा विजय होता, याबद्दल दुमत नाही. तथापि हे सारे रकाने भूतकाळाचे आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 173 नुसार विधानसभेच्या उमेदवाराला भारतीय नागरिकत्व आणि वयाची 25 वर्षे यापलीकडे फारशी पात्रता लागत नाही. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेच्या समारोपात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी विधिमंडळ सदस्यांसाठी काही पात्रता ठरवता आली नाही, याची खंत व्यक्त केली होती. मला ती खंत समजते, पण पटत नाही. लोकशाहीत पात्रता ठरवण्याचा अधिकार मतदाराचाच असला पाहिजे. मात्र तो बजावण्यासाठी त्याच्यापुढे पुरेशी माहिती हवी.

सेवेत असताना निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी अनेक उमेदवारी अर्जांची छाननी केली आहे. एकदा कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावातला एक शेतकरी अपक्ष म्हणून अर्ज भरायला आला. अर्जासोबत त्याने हाताने लिहिलेला एक कागद जोडला होता. पाणीवाटपाच्या पाळ्या, वितरिकांची दुरुस्ती, पाणीपट्टीचा हिशेब अशा, आमदार झाल्यास तो ज्यांचा पाठपुरावा करणार होता त्या गोष्टी त्यावर क्रमाने मांडल्या होत्या. तो कागद विहित नमुन्याचा भाग नव्हता, म्हणून मी परत केला. नियमाने माझे बरोबरच होते. आमच्या कार्यालयीन बोलीत अशा उमेदवारांना ‘बिगरगंभीर’ म्हणण्याची पद्धत होती आणि मीही तो शब्द निःसंकोच वापरत असे.

त्या शब्दाविषयी मला पुन्हा विचार करायला लावले ते मणिपूरच्या 2017 च्या निवडणुकीने. 2 नोव्हेंबर 2000 रोजी इम्फाळजवळच्या मालोम येथे सुरक्षा दलाच्या गोळीबारात दहा नागरिक ठार झाले. त्यानंतर इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा, म्हणजेच ‘अफस्पा’, रद्द व्हावा यासाठी उपोषण आरंभले. तेव्हा त्या 28 वर्षांच्या होत्या. आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लावून त्यांना ताब्यात घेतले गेले आणि नाकातील नळीवाटे अन्न देऊन जवळजवळ 16 वर्षे जिवंत ठेवण्यात आले. 9 ऑगस्ट 2016 रोजी त्यांनी उपोषण सोडले, नवा पक्ष काढला आणि थौबल मतदारसंघात तीन वेळा मुख्यमंत्री झालेल्या ओक्राम इबोबी सिंह यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. एवढी तेजस्वी पार्श्वभूमी आणि एवढा स्पष्ट अग्रक्रम घेऊन विधानसभेच्या रिंगणात उतरलेला नवखा उमेदवार मला दुसरा आठवत नाही. त्यांना 90 मते मिळाली. ‘नोटा’ला त्याहून अधिक, म्हणजे 143 मते होती.

या निकालावर तेव्हा बहुतेकांनी मतदारांच्या कृतघ्नतेचा ठपका ठेवला. मला तो अन्याय वाटतो. 1958 चा हा कायदा संसदेचा आहे आणि विधानसभा तो रद्द करू शकत नाही. एखादे क्षेत्र ‘अशांत’ घोषित करण्याचा अधिकार मात्र त्या कायद्यानेच केंद्राबरोबर राज्यपालांनाही दिला आहे. म्हणजे राज्य सरकारच्या हाती काहीच नाही, असे नव्हे. मनोरमा प्रकरणानंतर ऑगस्ट 2004 मध्ये इम्फाळ नगरपालिकेच्या हद्दीतून अफस्पा उठवला, तो याच इबोबी सिंह यांच्या सरकारने. त्रिपुराच्या मंत्रिमंडळाने 2015 मध्ये 18 वर्षांनंतर संपूर्ण राज्यातून तो मागे घेण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शर्मिलांचा अग्रक्रम राज्याच्या कक्षेबाहेरचा नव्हता. परंतु तो साध्य होण्यासाठी बहुमत, मंत्रिमंडळाचा ठराव आणि दिल्लीशी वाटाघाटी अशी साखळी जुळायला हवी होती. त्यांच्या पक्षाचे उमेदवार 60 पैकी तीनच जागांवर होते. त्यातच नव्या जिल्ह्यांच्या निर्मितीच्या वादातून 1 नोव्हेंबर 2016 पासून महामार्गांची नाकाबंदी सुरू होती. पेट्रोल आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. थौबलच्या मतदाराने शर्मिलांचा त्याग नाकारला, असे मी म्हणणार नाही. त्या त्यागापासून विधानसभेतील कृतीपर्यंतचा रस्ता त्याला दिसला नाही, एवढेच.

दुसरे टोक पंजाबात दिसले. 2022 मध्ये भदौड मतदारसंघात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारे लाभसिंग उगोके यांनी तत्कालीन मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांचा 37 हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. त्यांच्या आई सरकारी शाळेत सफाई कामगार होत्या. ही बातमी देशभर गाजली आणि ती गाजायलाच हवी होती. एरवी सत्तेच्या आसपासही न फिरकणारा माणूस सभागृहात पोहोचणे ही प्रजासत्ताकाची खरी कमाई आहे. पण त्या गाजावाजात भदौडसाठी त्यांचा स्वतःचा अग्रक्रम कोणता, हे शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागले नसते. महिन्याला 300 युनिट मोफत वीज आणि महिलांना दरमहा एक हजार रुपये ही आश्वासने पक्षाची होती. त्या लाटेत 117 पैकी 92 जागा पक्षाला मिळाल्या. भदौडचा उमेदवार दुसरा कोणी असता, तरी जाहीरनामा हाच असता.

या दोन प्रसंगांत नवख्या उमेदवाराची कोंडी स्पष्ट दिसते. ज्याच्यापाशी स्वतःचा अग्रक्रम आहे, तो बहुधा सभागृहापर्यंत पोहोचत नाही. जो पोहोचतो, त्याचा अग्रक्रम पक्षाने आधीच लिहून ठेवलेला असतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व पणाला लावले. अपक्ष आमदार मतदानाला मोकळा असला, तरी एकटा असतो. त्यात सभागृहच आक्रसत चालले आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यांच्या विधानसभांची सरासरी बैठक वर्षाला जेमतेम तीन आठवड्यांच्या आसपास भरते आणि पुष्कळ विधेयके मांडली त्याच किंवा दुसऱ्या दिवशी संमत होतात. अशा सभागृहात नव्या आमदाराने शिकावे कधी आणि बोलावे कधी? मग तो रस्ते, बदल्या आणि दाखले यांत गुंततो आणि मतदारही त्याला त्यावरूनच जोखू लागतो.

यावर माझी सूचना साधी आहे. प्रतिज्ञापत्राला एक ऐच्छिक पान जोडण्याची मुभा उमेदवाराला द्यावी. त्यावर त्याने तीन अग्रक्रम लिहावेत आणि प्रत्येकासमोर आमदार म्हणून आपण कोणता मार्ग वापरणार, हे नोंदवावे: प्रश्न, लक्षवेधी सूचना, खासगी विधेयक, अर्थसंकल्पातील तरतुदीची मागणी की समितीतील काम. हे पान प्रतिज्ञापत्रासोबत त्याच फलकावर लागावे आणि पाच वर्षे उपलब्ध राहावे. पक्षांचे जाहीरनामे निवडणूक आयोगाच्या चौकटीत आले आहेतच. एकट्या उमेदवारासाठी मात्र अशी जागा नाही. यातून आश्वासनांचा पूर येईल, हा आक्षेप मी ऐकला आहे. परंतु आश्वासने आजही सभांतून दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी विरून जातात. ती सहीनिशी लिहून घेतली, तर निदान कक्षेबाहेरचे काय आणि कक्षेतले काय, हे उमेदवारालाही एकदा तपासावे लागेल. आश्वासन मोडल्याबद्दल शिक्षा नको. पाच वर्षांनी ते पान मतदारासमोर असले, तरी पुष्कळ झाले.

सभागृहाचे दिवस वाढवणे हा या सूचनेचा दुसरा, आणि अधिक अवघड, भाग आहे. तो झाला नाही, तर लिहिलेला अग्रक्रम मांडायला जागाच उरणार नाही.

त्या शेतकऱ्याची अनामत जप्त झाली. पाण्याच्या पाळ्यांविषयीचा त्याचा कागद त्या निवडणुकीत मला वाचायला मिळालेला सर्वांत मुद्देसूद मजकूर होता आणि तो वाचणारा कदाचित मी एकटाच. तो कागद परत करताना मी नियम पाळला. नियमात तशी जागा हवी होती, हे लक्षात यायला मला निवृत्त व्हावे लागले.