सारा की भाकर? पाहणीच्या इतिहासातील दोन प्रश्न (धागा)

१/ सामाजिक पाहणी हे जितके मोजमापाचे शास्त्र, तितकेच प्रश्नाचेही. प्रश्न कोणाच्या हितासाठी विचारला, यावर उत्तराचे मोल ठरते. पुणे जिल्हा याची साक्ष देतो.

२/ १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात जमिनीची नवी पाहणी केली. मुख्य प्रश्न एकच : सारा किती बसवावा? जमिनीची प्रत लागली, आकारणी झाली.

३/ दुसरा प्रश्न विचारला डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी : या जमिनीवर कुटुंब जगते का? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या या प्राचार्यांनी पिंपळे सौदागर हे गाव घरोघर अभ्यासले. अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

४/ सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते. १९१४-१५ मध्ये उरले ७. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली. त्यांतील ४६३ तुकडे एकराहूनही लहान.

५/ शेतकरी आळशी आणि उधळ्या, म्हणून कर्जबाजारी, हा सुखवस्तूंचा आवडता निष्कर्ष या आकड्यांपुढे टिकत नाही. इतक्या तुटपुंज्या, विखुरलेल्या कोरडवाहू जमिनीत कितीही राबले तरी वर्षाची तोंडमिळवणी होणे कठीणच.

६/ पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे. पाहण्या आजही होतात, रकानेही भरले जातात. मात्र ज्याला मोजायचे, त्याच्या चुलीची विचारपूस जिच्यात नाही, ती पाहणी कितीही अचूक असली तरी तिला लोकहिताची म्हणता येणार नाही.