आईला गार मोदक आवडतात

विसर्जनाला आपण सगळे घसा फोडून ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो ना? २८ ऑगस्ट २०२५ ला आमच्या दीड दिवसाच्या बाप्पांना सोसायटीच्या हौदात निरोप देताना मीही म्हटलं. आणि लगेच मनातल्या मनात जोडलं, ‘तसं काही नाही, जरा उशिरा आलात तरी चालेल!’ आणि बॉस, बाप्पाने ऐकलं की! दादाने तिथेच, ओल्या हातांनी मोबाइल काढून बघितलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. म्हणजे चक्क अठरा दिवस जास्त. मला ते लागणार आहेत. का, ते ऐका.

आमचा गणपती सांगलीला, आईबाबांकडे. आई माहेरची चिपळूणकडची. त्यामुळे तळणीच्या मोदकांच्या मुलखात आमच्या घरी मात्र उकडीचे, आणि कॉलनीत त्याची एवढी ख्याती की आरतीची वेळ विचारायला येणारे खरं तर मोदकांची वेळ विचारायला यायचे. तर जुलैमध्ये आई फोनवर म्हणाली, “यंदा मोदक विकतचे आणू म्हणते.” घरातलं दूध संपलंय, या टोनमध्ये. संधिवाताने तिची बोटं सुजतात हे मला माहीत होतं. म्हणजे ‘गोळ्या घेतेस ना?’ इतपत माहीत होतं. मोदकाची पाकळी चिमटीत धरता येत नाही इथवर ते आलंय, हे नव्हतं माहीत.

मी फटकन बोलून गेले, “अगं, मग माझ्याकडे करू ना! सगळे पुण्याला या. मी करते.”

तिकडे शांतता. मग, “मोदक? तू?”

शंका रास्त होती. मी फ्रीलान्सर. दर ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या पुरवणीसाठी मी मोदकांवर लिहिलंय. चॉकलेट मोदक, ड्रायफ्रूट मोदक, ‘हटके मोदकांच्या १० रेसिपीज’... रात्री अकराला, शेजारी नूडल्सचा बोल ठेवून. स्वतःच्या हाताने वळलेले मोदक : शून्य. बाबांना गणपतीचं घर बदलणं पटत नव्हतं, पण डोंबिवलीच्या मावशीने त्यांना कसं काय ते पटवलं आणि ठरलं. कोथरूडचा माझा भाड्याचा वन बीएचके, दोन बर्नरची शेगडी, आणि चौदा माणसं. आईबाबा, दादा-वहिनी, सहा वर्षांचा भाचा, मावशी-काका, त्यांच्या दोन मुली, माझी रूममेट आणि मास कॉमपासूनची आमची तीन टाळकी. आणि मी.

मी एक्सेल शीट केलं होतं, हसू नका. मेनू, किराणा, कोण कुठे झोपणार, सगळं कलर कोडिंगसकट. मंडईतून केळीची पानं, दूर्वा आणि नारळ आदल्या दिवशी आणले (नारळाचे भाव ऐकून रूममेट म्हणाली, याच्यापेक्षा चॉकलेट मोदक स्वस्त पडतील). वरण-भात, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुऱ्या. आणि मोदक. नैवेद्याचे एकवीस आणि माणशी चार धरले तर सत्त्याहत्तर. वाटीभर पिठीत साधारण आठ-दहा मोदक होतात, म्हणजे नऊ वाट्या पिठी. परफेक्ट!

शीटमध्ये एकच कॉलम नव्हता. माझ्या मोदकपात्रात एका वेळी अकरा मोदक मावतात आणि एका घाण्याला पंधरा मिनिटं लागतात. सत्त्याहत्तर भागिले अकरा, गुणिले पंधरा. करा हिशोब. पावणेदोन तास नुसती वाफ! आणि हे सगळं पहिल्या मोदकापासून हात सुरळीत चालला तर.

तो कुठला चालतोय! मी नऊच्या नऊ वाट्यांची उकड एकदमच काढली. आई प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होती (“हात चालत नाहीत, तोंड चालतं माझं”), पण तेवढ्या दहा मिनिटांत ती बाबांचं सोवळं शोधायला बाहेर गेली आणि माझा घात झाला. उकड गरम असताना, तेलापाण्याचा हात लावून मळायची असते. मी पहिला गोळा मळेपर्यंत उरलेली पातेल्यात गार होऊन बसली. गार उकडीच्या पारीला कडेने भेगा जातात. पाकळ्या चिमटायला जावं तर त्या तुटून हातात येतात. आई परत आली, पातेल्यात बघितलं आणि म्हणाली, “दोन-दोन वाट्यांची काढायची असते गं.” बस, एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. गार झालेली उकड ओल्या फडक्यात गुंडाळून वाफेवर धर. पारी मधे जाड, कडेला पातळ. सारण गच्च भरू नको, हावरटपणा नडतो. पात्रात ठेवण्याआधी मोदक पाण्यात बुडवून काढ, म्हणजे तडकत नाही. या गोष्टी मी छापलेल्या एकाही रेसिपीत नव्हत्या. मी ‘चवीनुसार’ आणि ‘आवडीनुसार’वर वेळ मारून नेली होती. माझा पहिला मोदक आठ पाकळ्यांचा आणि एका बाजूला कललेला झाला. दहाव्याला अकरा आल्या. ज्या बायका पुण्यात या दिवशी शेकड्यांनी ऑर्डरी घेतात, त्यांना माझा इथूनच साष्टांग.

तिकडे बाहेर वेगळंच. गुरुजी अकराला येणार होते, त्या दिवशी त्यांचीही दहा घरं, ते आले सव्वाबाराला. पूजा, आरती, आणि नैवेद्य दाखवायला अडीच वाजले, कारण एकवीस धड मोदक व्हायला तेवढा वेळ लागला. नैवेद्याआधी जेवायचं नाही, यावर बाबा ठाम. भाचा भुकेने रडकुंडीला आलेला. शेवटी मावशीने निकाल दिला की लहान मुलं म्हणजे देवच, आणि त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तूप-मीठ-भात भरवला. माझ्या मास कॉमच्या मित्रांनी एव्हाना कुठेतरी खाली जाऊन वडापाव खाल्ला असावा. तिघंही विचारल्यावर एकदमच ‘नाही’ म्हणाले!

पहिली पंगत सात जणांची. मावशीने मी उलटी मांडलेली पानं फिरवून सरळ केली, मीठ-लिंबू-कोशिंबीर डावीकडे घेतली. मी आईला म्हटलं, “तू बस.” “अगं, मी मागून...” “बस!” ती बसली, पण कशी? गाडी सुटायच्या आत उतरायचंय अशी, कडेला. भात वाढला की उठायला बघायची. वरण वाढला की “मीठ आहे का गं त्यात?” तिला नुसतं जेवायला बसता येत नव्हतं, खरंच सांगते. साठीच्या बाईला, सणाच्या दिवशी, पहिल्या पंगतीत!

तेवढ्यात दुसरा घाणा उतरला. मी चिमट्याने एक मोदक उचलला, फुटका नव्हता त्यातल्या त्यात, आणि थेट आईच्या पानात ठेवला. तिने त्याचं नाक मोडलं, आत तुपाची धार सोडली, फुंकर मारली आणि खाल्ला. काही बोलली नाही. दुसरा वाढला, तोही. तिसऱ्याला तिनेच पान पुढे सरकवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ‘आईला गार मोदक आवडतात’ हे आमच्या घरातलं सत्य होतं. म्हणजे बाबांना साखर चालत नाही, दादाला वांगं चालत नाही, तसं आईला गार मोदक आवडतात. पाहुण्यांनासुद्धा आम्ही हे कौतुकाने सांगायचो. सांगलीत चार वाजता, सगळे पंख्याखाली आडवे झालेले असताना, ती ओट्याशी उभी राहून फुटलेले, तळाचे मोदक खायची आणि आम्ही म्हणायचो, बघा, हिची आवड!

मी म्हटलं, “आई, तुला तर गार आवडतात ना?”

ती घास चावत म्हणाली, “कोण म्हणालं?”

मी दादाकडे बघितलं. दादा पानात बघत होता. बाबा म्हणाले, “कोशिंबीर आण गं जरा.” कोशिंबीर त्यांच्या पानात भरपूर होती.

दुसरी पंगत उठली तेव्हा चार वाजायला आले होते. मोदकपात्राच्या तळाला पाच उरले होते. दोन फुटके, एकाचं सारण पाण्यात गेलेलं. उरल्यासुरल्या उकडीत मिरची-जिरं-कोथिंबीर घालून निवगऱ्या करायच्या, असं आईने सांगितलं होतं, ते राहूनच गेलं. पाय एवढे भरून आले होते की पान वगैरे मांडायचं त्राण नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि एक गार, कडक झालेला मोदक तोंडात टाकला. तूप संपलं होतं. भाचा पाणी प्यायला आला होता. माझ्याकडे नीट बघून तो बाहेर गेला आणि मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, “आत्याला पण गार मोदक आवडतात!”

सगळे हसले. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, जरा जास्तच वेळ.

मी काही मुद्दाम त्याग करायला गेले नव्हते हो. कोणी मला ‘तू मागून जेव’ असं म्हटलंही नव्हतं. तीन डिग्रीवाली माणसं माझ्या घरात होती, जेंडरवर एका वेळी दीड तास बोलू शकणारी, आणि त्यातली एक मी स्वतः! पण वाढणारं माणूस उभं असतं आणि जेवणारी माणसं बसलेली असतात आणि घाणे एकामागून एक उतरत असतात. त्यात दुपार कधी सरली ते मलाही कळलं नाही. आईची तशा कितीतरी दुपारी सरल्या असतील.

त्या रात्री मी शीट उघडलं आणि ‘२०२६’ नावाचं नवं पान टाकलं. १४ सप्टेंबर, सोमवार. म्हणजे आधी आख्खा वीकएंड हातात. सारण रविवारीच होणार, ते फ्रिजमध्ये छान राहतं. (आणि साधा मऊ गूळच आणायचा. यंदा मी चिकीचा आणला होता, सारण दाताला लागत होतं. कोणी बोललं नाही, पण मला कळतं.) कुकर आणि भाज्या दहाच्या आत आटपणार, म्हणजे दुसरा बर्नर मोकळा. मावशीचं इडलीपात्र डोंबिवलीहून येणार, त्यात मोदकांची जाळी बसते, म्हणजे दोन पात्रं एकदम चालतील. उकड दोन-दोन वाट्यांचीच. पुऱ्या कॅन्सल! चौदा माणसांना पुऱ्या तळायच्या ही आयडिया कोणाची होती? माझीच.

मोदक सत्त्याहत्तरच. पण वळणारे हात चार. यावर थोडी बाचाबाची झाली. वहिनी लगेच तयार झाली, दादा म्हणाला, “मला ते पाकळ्याबिकळ्या जमणार नाही.” मी म्हटलं, मलाही जमत नव्हतं, दहाव्या मोदकाला जमलं. तो म्हणाला, मी भांडी घासतो ना. मी म्हटलं, भांडी पण घास. बाबांनी मोदकांची बाजू घेतली नाही, पण पंगतीला वाढण्याचं काम स्वतःहून मागून घेतलं. त्यांनी याआधी कधी वाढलेलं मला आठवत नाही. मीठ कुठे वाढतात ते तरी त्यांना माहितीय का, असं आईने हळूच विचारलं.

आणि शेवटचा घाणा वेगळा. अकरा मोदक कच्चेच, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. सगळ्यांचं उरकलं की पात्र चढवायचं, पंधरा मिनिटं. वळणाऱ्या चौघांनी खाली बसायचं, पानं मांडून, तुपाची वाटी मधे. आई त्यात पाचवी. ती पहिल्या पंगतीतही बसणार आणि शेवटच्या घाण्यालाही. तिचा बराच बॅकलॉग आहे.

१० सप्टेंबरला संकष्टी होती. रात्री साडेनऊला फॅमिली ग्रुपवर दादाचा फोटो आला. ताटलीत एकच मोदक. पाकळ्या मोजून पाच, आणि पोटातून सारण बाहेर डोकावतंय. खाली लिहिलं होतं, ‘फर्स्ट अटेम्प्ट’. वहिनीने टाळ्या, मावशीने हात जोडलेले, बाबांनी अंगठा.

आईचं उत्तर यायला दहा मिनिटं लागली. सुजलेल्या बोटांनी टाइप करायला तिला वेळ लागतो.

‘पारी जाड झालीय. दुसरा कर. आणि गरम आहे तोवर बायकोला दे.’